सिटी व्हीटेक टर्बो: फ्युएल प्रेशरचा काटा ३.८ बारच्या खाली येत नाही, आणि वरच्या आरपीएमला गाडी लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा

घाटवेडा | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांब होईल, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवायचा नाही.

गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ ची, एमएच-१२. बाबांनी नवी घेतलेली. मी याच गाडीवर शिकलो, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. गेल्या दिवाळीनंतर छोटा टर्बो बसवला, बूस्ट (टर्बोने हवेवर आणलेला जादा दाब) फक्त ०.५ बार. इंजेक्टर मोठे, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतंत्र, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप. टाकीपासून रेलपर्यंत (रेल म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) नवी ‘सहा नंबर’ स्टीलच्या जाळीची नळी टाकली. रेलवरचा मूळ रेग्युलेटर काढून स्क्रू फिरवून सेट करायचा रेग्युलेटर लावला. रिटर्न लाइन मात्र कंपनीची होती तीच ठेवली. परत जाणाऱ्या पेट्रोलला कुठलं आलंय प्रेशर, असं गॅरेजमध्ये सांगितलं आणि मलाही ते पटलं.

आता दोन तक्रारी.

एक. आयडलला रेग्युलेटरवरची व्हॅक्यूमची नळी काढून ३ बार सेट करायला बसलो, तर स्क्रू पूर्ण बाहेर घेतला तरी काटा ३.८ वर ठाम. गेज बदलून बघितलं, तेच. शेवटी स्क्रू तसाच बाहेर ठेवला आणि आयडलचा मॅप (ईसीयूमधलं पेट्रोलचं कोष्टक) कमी करून गाडी शांत केली.

दोन. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. ५,००० आरपीएमपर्यंत हवा-इंधनाचं प्रमाण ११.६ होतं (आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी पडलं). ५,५०० नंतर १२.५, मग १३.४. मी लगेच पाय काढला. लॉगमध्ये त्या क्षणी रेलचं प्रेशर २.६ बार दिसतंय.

म्हणजे खाली प्रेशर जास्त आणि वर कमी. पंप मेलाय की रेग्युलेटर खराब आलाय? महिना झाला, डोकं चालेनासं झालंय.

---

बूस्टबाज | शुक्रवार, रात्री ११:०५

पंप दमलाय. वर प्रेशर पडतं म्हणजे पुरवठा कमी, सरळ हिशेब आहे. कंपनीची वायर बारीक असते, मोठा पंप लावला की पंपापाशी ११ व्होल्टसुद्धा पोचत नाहीत. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर ओढ, मध्ये रिले आणि २० अँपिअरचा फ्यूज टाक, अर्थिंग नवीन कर. माझ्या गाडीत हाच आजार होता.

आणि ते होईपर्यंत बूस्टवर चालवू नकोस. १३.४ वर पिस्टन वितळतात.

---

जुनी_गाडी | शनिवार, सकाळी ७:१५

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

भोसरीकर | शनिवार, सकाळी ८:५०

घाटवेडा, एकच सांग. आयडलला व्हॅक्यूमची नळी लावलेली असताना काटा कुठे असतो, आणि काढल्यावर कुठे जातो? अंदाजे नको. गाडीपाशी जाऊन बघ आणि लिही.

---

घाटवेडा | शनिवार, सकाळी ९:३०

काका, आत्ता बघून आलो. लावली तरी ३.८, काढली तरी ३.८. काटा हलतच नाही.

---

भोसरीकर | शनिवार, सकाळी १०:२०

मग रेग्युलेटरला दोष देऊ नकोस, पंपालाही देऊ नकोस. तुझी रिटर्न लाइन तुंबलेली आहे. दोन्ही तक्रारी त्या एकाच कारणाच्या आहेत. नीट लिहितो, कारण हे इतरांच्याही उपयोगी पडेल.

रेग्युलेटर प्रेशर तयार करत नाही. प्रेशर तयार होतं ते पंपाने रेटल्यामुळे. रेग्युलेटर रेलच्या शेवटी बसलेला दारवान आहे. आत पडदा आणि स्प्रिंग. रेलमधलं प्रेशर स्प्रिंगपेक्षा वरचढ झालं की दार उघडतं आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्नमधून टाकीकडे जातं. स्क्रू आत घेतला की स्प्रिंग दाबली जाते, प्रेशर वाढतं. वरच्या बाजूला मॅनिफोल्डची (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी असते, तीच तुझी व्हॅक्यूमची नळी, ती अशासाठी, की मॅनिफोल्डमध्ये जे असेल त्यापेक्षा रेल कायम ३ बारने वर राहावी. आयडलला ०.६ बार व्हॅक्यूम असेल तर रेलवर २.४ दिसलं पाहिजे. नळी काढली तर ३.०. अर्धा बार बूस्टला ३.५. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक तिन्ही वेळा तोच, ३ बार.

आता तुझा पंप बघ. तासाला २५५ लिटर. आयडलला इंजिन पितं तासाला लिटरभर, फार तर थोडं जास्त. उरलेलं सगळं, म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर, रिटर्नमधून परत गेलं पाहिजे. कंपनीची रिटर्न नळी कंपनीच्या छोट्या पंपाच्या मापाची आहे. दारवानाने दार सताड उघडलंय, पण दाराबाहेरची बोळ अरुंद आहे. गर्दी बोळात अडकली की दार उघडं असून उपयोग काय? तुझा ३.८ हा रेग्युलेटरचा आकडा नाहीच, तो त्या बोळीचा आकडा आहे. म्हणून स्क्रू फिरवून फरक पडत नाही आणि व्हॅक्यूमची नळी काढूनही पडत नाही.

आता वरची तक्रार. काटा खाली यावा म्हणून तू स्क्रू पूर्ण बाहेर काढलास. म्हणजे स्प्रिंग जेमतेम २ बारची राहिली. आयडलला हे झाकलं गेलं, कारण तिथे बोळीनेच प्रेशर धरून ठेवलंय. पूर्ण दमात तुझ्या इंजिनाला तासाला ६० लिटरच्या आसपास लागतं. तेवढं रिटर्नमधून कमी झालं की बोळीतली गर्दी ओसरते, आणि ती नुसती प्रमाणात ओसरत नाही, प्रवाहाच्या वर्गाने ओसरते. बोळीचा आधार सुटला आणि खरी सेटिंग उघडी पडली: २ अधिक बूस्टचे अर्धा, म्हणजे अडीच. तुझ्या लॉगमध्ये २.६ आहे. आकडा जुळतो बघ.

इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळावर जातो. आयडलला तुझ्या इंजेक्टरवर फरक ३.८ अधिक ०.६, म्हणजे ४.४ बार. वर २.६ वजा ०.५, म्हणजे २.१. एकाच मॅपमध्ये त्याच इंजेक्टरचा प्रवाह वर जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. ट्यूनर बिचारा कुठल्या आकड्यावर मॅप बसवणार?

खात्री करायची असेल तर रेग्युलेटरच्या मागे, रिटर्नच्या तोंडाशी टी टाकून दुसरं गेज लाव. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. एक बारच्या वर दिसलं तर मी म्हणतो ते खरं.

---

बूस्टबाज | शनिवार, सकाळी ११:००

काका, तुमचा हिशेब पटण्यासारखा आहे. तरी व्होल्टेज मोजावं असं मी म्हणेन. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मोजल्याशिवाय पंप निर्दोष ठरत नाही.

---

भोसरीकर | शनिवार, सकाळी ११:१२

अगदी बरोबर. दोन्ही मोजू दे.

---

घाटवेडा | शनिवार, संध्याकाळी ६:४५

मोजलं.

पंपाच्या कनेक्टरपाशी, पंप चालू असताना १३.१ व्होल्ट.

रिटर्नवर दुसरं गेज: ३.४ बार.

आकडा बघून मी गाडीशेजारी फरशीवर बसलो. रेलवर ३.८ आणि रिटर्नवर ३.४. अख्खा महिना मी दाराचा स्क्रू पिळत होतो.

---

बूस्टबाज | शनिवार, संध्याकाळी ७:०२

१३.१ म्हणजे पंप ठणठणीत. माझं निदान चुकलं. भोसरीकर काकांना सलाम.

---

रसायनी | शनिवार, रात्री ९:२०

रबर आणि पॉलिमर हे माझं रोजचं काम, म्हणून नळीबद्दल लिहिते. रिटर्न नवी टाकणारच आहात, तर पुरवठ्याची नळीही तपासा. ‘स्टीलच्या जाळीची’ एवढं म्हटल्याने काहीच कळत नाही. जाळी फक्त बाहेरचं कवच आहे, आत काय आहे ते महत्त्वाचं. स्वस्त नळीत आत साधं रबर असतं. त्यातून पेट्रोलची वाफ हळूहळू पाझरते. नळी कोरडी दिसते, थेंब कुठे सापडत नाही, आणि सकाळी गाडीचं दार उघडलं की वास येतो.

आपल्याकडे आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलने काही रबरं फुगतात, काही वाळून तडकतात. २००२ च्या गाडीचे मूळ ओरिंग आणि रबरी तुकडे या पेट्रोलसाठी बनवलेलेच नव्हते. माझा सल्ला: नळी आतून पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉनची) घ्या, आणि त्यातही कार्बन मिसळलेली, म्हणजे आतून काळी. पांढऱ्या पीटीएफईतून पेट्रोल वेगाने वाहिलं की स्थिर वीज साठते आणि ती बाहेरच्या जाळीकडे उडी मारताना भिंतीला सूक्ष्म भोक पाडू शकते. ओरिंग एफकेएमचे मागा, दुकानात ‘व्हायटॉन’ म्हटलं की कळतं.

दुसरी गोष्ट टाकीच्या आतली. पंप बदलताना पंपापासून झाकणापर्यंतचा वीतभर तुकडा कोणता लावला होता? इंजेक्शनची चांगली नळी, जिच्यावर आर-९ लिहिलेलं असतं, तीसुद्धा पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला चालत नाही. तिचं बाहेरचं आवरण त्यासाठी नसतं, ते विरघळत जातं आणि कचरा पंपाच्या जाळीत अडकतो. टाकीत बुडवायची ती आर-१०. महाग आहे, पण लागते वीतभरच.

---

जुनी_गाडी | रविवार, सकाळी ७:४०

अवांतर विचारतो. माझी प्रीमियर पद्मिनी आहे, कार्ब्युरेटरवाली. तिला इलेक्ट्रिक पंप लावायचा विचार आहे. असा रेग्युलेटर चालेल का?

---

भोसरीकर | रविवार, सकाळी ८:०५

नाही दादा. कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३ बार पुरे. इंजेक्शनचा पंप लावलात तर फ्लोटची सुई ते प्रेशर धरू शकणार नाही, आणि पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वरून गरम मॅनिफोल्डवर सांडेल. कमी प्रेशरचा पंप वेगळा मिळतो, तोच घ्या. मूळ यांत्रिक पंपाचा पडदा नवीन टाकून भागत असेल तर सगळ्यात उत्तम.

---

घाटवेडा | रविवार, सकाळी ९:१०

रसायनी ताई, मनापासून आभार. सकाळी वास येतो, हे मी लिहिलंही नव्हतं. मागच्या सीटवर बसल्यावर आईला तो जाणवायचा, आणि मी ‘नवीन काम झालंय, जाईल’ म्हणून टाळत होतो.

काका, रिटर्न कशी टाकू? कोणत्या मापाची? पाइप की होज?

---

भोसरीकर | रविवार, सकाळी १०:३०

सहा नंबरच घे. हा नंबर इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, सहा म्हणजे ३/८ इंच, साडेनऊ मिलिमीटर. तुझ्या पंपाला भरपूर झाला.

पण नळी बदलली की काम झालं असं समजू नकोस. टाकीच्या झाकणावर रिटर्नचा जो निपल आहे त्याचं भोक मोज. नऊ मिलिमीटरची नळी टाकून शेवटी चारच्या भोकात सोडलीस तर ३.८ परत तिथेच. पंपाचं झाकण काढून बाहेर आण आणि त्यात बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून आरपार जाणारा जोड) बसव. टाकीला वेल्डिंग अजिबात नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते.

फिटिंगबद्दल. भोसरीत हायड्रॉलिकच्या दुकानात जेआयसी मिळतं, त्याचा कोन ३७ अंश, तुझ्या नळीच्या एएन फिटिंगचाही ३७, ते एकमेकांत बसतं. पण त्याच ट्रेमध्ये बीएसपी (ब्रिटिश मापाचं) फिटिंगही पडलेलं असतं, त्याचा कोन त्याच हिशेबाने ३० (दोन्ही बाजू धरून ६०). आणि गाडीच्या ब्रेक पाइपचा डबल फ्लेअर ४५ चा. हाताने दोन आटे फिरले म्हणून फिटिंग जुळलं असं होत नाही. पान्याने रेटून बसवलेलं फिटिंग गार असताना कोरडं राहतं आणि गरम झालं की रडतं. कोनाच्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप लावू नकोस. सील कोन करतो, आटे नाहीत. त्या टेपचे धागे सुटून इंजेक्टरच्या तोंडात बसलेले मी स्वतः काढलेत. होंडाच्या बंजो बोल्टला (ज्याच्या आतून पेट्रोल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवीन. पीटीएफईच्या नळीला तिचीच फिटिंग लागतात, आत पितळी रिंग येते ती. रबरी नळीची फिटिंग तिच्यावर बसल्यासारखी वाटतात आणि प्रेशरला निसटतात.

नळी नेताना: केबिनमधून नाही. एक्झॉस्ट आणि टर्बोच्या डाउनपाइपपासून लांब, जिथे जवळून न्यावीच लागेल तिथे उष्णतारोधक आवरण. दर फूटभरावर रबर असलेली पी-क्लिप. स्टीलची जाळी म्हणजे कानस आहे, मोकळी राहिली तर पत्रा कापते, वायर कापते, दुसरी नळीही कापते. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून त्या दोन्हींमध्ये थोडी ढील ठेव. क्लिपा नाना पेठेत मिळतील. जुन्या बाजारातून पेट्रोलची नळी आणू नकोस, आतून काय झालंय ते कुणाला दिसणार?

व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डवरून घे, ब्लो-ऑफ (टर्बोचा जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ब्रेक बूस्टरच्या नळीत जोड देऊन नको. दोन्ही टोकांना क्लिप. बूस्टवर ती नळी निसटली तर रेग्युलेटरला बूस्ट कळणारच नाही.

एक राहिलं. बॉनेटखालचं ग्लिसरीन भरलेलं गेज गरम झालं की कमी दाखवतं. सेटिंग गार असताना कर, चालत्या गाडीत भरवसा सेन्सरच्या लॉगवर ठेव.

आणि हे काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचून राहते. उणे ४० अंशालासुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आपल्या पुण्यात तर प्रश्नच नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालव, मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. बल्ब नको, एलईडी टॉर्च. अग्निशामक हाताशी, गाडीच्या डिकीत नव्हे. माझ्याकडे येत असशील तर शेडच्या बाहेर मोकळी जागा आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

वळणवाट | रविवार, दुपारी १२:१५

टाकीचं झाकण उघडणारच आहेस तर एक बघ. रिटर्नचं पेट्रोल पंपाच्या वाटीत (पंप ज्यात बसतो त्या भांड्यात) पडतंय की लांब कोपऱ्यात? माझ्या गाडीत ते लांब पडायचं. दिवे घाटात टाकी पाव असताना प्रत्येक लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जायचं, पंप हवा ओढायचा आणि प्रेशर क्षणभर झोपायचं. शिवाय टाकीत १० लिटर असतील तर तासाला २५० च्या हिशेबाने ते सगळं अडीच मिनिटांत इंजिनाजवळून फिरून येतं. टाकी हाताला गरम लागायची. रिटर्न वाटीत सोडल्यावर वळणांवरचा त्रास थांबला.

---

भोसरीकर | रविवार, दुपारी १२:४०

उत्तम सूचना. हे मी लिहायला हवं होतं.

---

घाटवेडा | पुढचा रविवार, रात्री ९:५५

मंडळी, झालं. सविस्तर लिहितो.

काल पहाटेच भोसरी गाठली, गाडी बूस्टपर्यंत जाऊ न देता हळू नेली. काकांनी आधी गाडीखाली सरपटत जाऊन सगळी रिटर्न हाताने चाचपली. टाकीच्या मागे, लोखंडी पाइप संपून रबर सुरू होतं तिथे नळीला घडी पडलेली. पंप बसवताना टाकी वर घेतली तेव्हा दुमडली असणार. आणि झाकणावरच्या निपलचं भोक मोजलं तर साडेतीन मिलिमीटर. घडी नसती तरी जमलं नसतं.

झाकण काढलं तर रसायनी ताईंनी सांगितलं तेच. आतला तुकडा बोटाला काळा लागत होता आणि दोन क्लिपांच्या मध्ये बेडकीसारखा फुगलेला. अजून काही महिन्यांनी तो फाटला असता, मग पंप टाकीतल्या टाकीतच पेट्रोल फिरवत बसला असता. पंपाच्या जाळीवर काळा गाळ होता. जाळी नवीन, तुकडा आर-१०, फिल्टर नवीन.

शेजारच्या लेथवर झाकणाला भोक पाडून बल्कहेड बसवलं, दोन्ही बाजूंनी व्हायटॉन. रिटर्न आत आणून पंपाच्या वाटीत सोडली. पुरवठा आणि रिटर्न दोन्ही काळ्या पीटीएफईच्या. क्लिपा एकोणीस लागल्या. काकांनी मला दोन वेळा खोलून परत जोडायला लावलं, कारण एका वळणावर नळी हँडब्रेकच्या केबलला टेकत होती. मला वाटलं होतं तेवढं चालेल. ते म्हणाले, गाडी तुझ्या आईला घेऊन जाते ना, मग चालणार नाही.

रिले बघताना आणखी एक निघालं. पंपाचा रिले थेट इग्निशनवर जोडलेला होता, म्हणजे चावी चालू तर पंप चालू. अपघातात इंजिन बंद पडलं आणि नळी तुटली तरी पंप पेट्रोल ओततच राहिला असता. आता ट्रिगर ईसीयूकडून घेतलाय: इंजिन फिरलं तरच पंप, नाहीतर दोन सेकंदांत बंद. माझ्यासारखं काम करून घेतलेल्या प्रत्येकाने आजच हे तपासावं. चावी चालू करा, इंजिन सुरू करू नका, मागे कान द्या. पंप थांबला नाही तर गाडी चालवू नका.

मग सेटिंग. गळतीसाठी नुसता पंप चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरला. सगळे कोरडे. इंजिन सुरू केलं, व्हॅक्यूमची नळी काढली, स्क्रू आत घेत गेलो आणि काटा स्क्रूबरोबर हलला. ३.० वर चेकनट आवळलं. नळी लावली, २.४. काढली, ३.०. मी सात-आठ वेळा लावली-काढली. रिटर्नवरच्या गेजचा काटा जवळजवळ शून्यावरून हलला नाही.

मॅप अर्थातच चुकीचा ठरला. आयडलला इंजेक्टरवरचा फरक ४.४ वरून ३ वर आला म्हणजे प्रवाह १७ टक्क्यांनी कमी, गाडी आचके देत होती. ट्यूनरने आज डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजणारं यंत्र) सगळा मॅप पहिल्यापासून बसवला. अर्धा बार बूस्टला रेलवर ३.५, ६,५०० पर्यंत सरळ रेष. हवा-इंधनाचं प्रमाण ११.६, कुठेही डगमग नाही. खंबाटकीला मी जे केलं ते रस्त्यावर करायचं काम नव्हतं, पुन्हा करणार नाही.

संध्याकाळी आई मागे बसली. कोथरूडहून एआरएआयच्या रस्त्याने टेकडीपर्यंत जाऊन आलो. वास नाही म्हणाली.

---

रसायनी | पुढचा रविवार, रात्री १०:१०

फार बरं वाटलं वाचून. त्या फुगलेल्या तुकड्याचा फोटो इथे नक्की टाका. लोक सांगून ऐकत नाहीत, बघून ऐकतात.

---

जुनी_गाडी | सोमवार, सकाळी ७:२०

पद्मिनीच्या पंपाचा पडदा मागवला. धन्यवाद भोसरीकर.

---

बूस्टबाज | सोमवार, सकाळी ९:००

मीही काल रात्री चावी चालू करून कान दिला. माझा पंप थांबला नाही. आज वायरिंगवाल्याकडे टाकतोय गाडी. घाटवेडा, हे लिहिलंस म्हणून कळलं.

---

भोसरीकर | सोमवार, सकाळी ९:२५

घाटवेडा, ५०० किलोमीटर झाले की गाडी घेऊन ये. नवीन जोड एकदा बसतात, मग परत बघावे लागतात. एकोणीसच्या एकोणीस क्लिपा बघू.

---

घाटवेडा | सोमवार, सकाळी ९:३१

येतो काका. ओडोमीटर १,४२,३१० ला जोडलंय, डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे: १,४२,८१०.